टाकी रोड, रविवार संध्याकाळ

डोंबिवली (पूर्व)
११ फेब्रुवारी १९९०

ती. वन्सं यांस,
प्रमोदिनीचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं कार्ड परवा पोचलं. गुडघ्याचं वाचून काळजी वाटली. खडवलीला नदीकाठची थंडी, त्यात तुम्ही पहाटे उठून अंगण सारवायला बसणार. कोणी सांगायचं तुम्हाला! वाल मिळाले. सोलून पाठवलेत म्हणजे दुखऱ्या हातांनी दोन दिवस तेच केलं असणार. बिरडं केलं, पण एकटीसाठी कितीही कमी केलं तरी उरतंच.

माझी तब्येत बरी आहे. झोप मध्ये मध्ये मोडते. बाकी चाललं आहे.

एक गोष्ट सांगायची आहे. तुम्ही हसाल की रागवाल, ते लिहिताना मला कळत नाही. मी एका समितीत जायला लागले आहे. सहदेव राणे म्हणून एकजण आमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये राहतात, पोस्टात असतात. त्यांनी ती काढली. टाकी रोडवर माणसाला धड चालता यावं, एवढंच समितीचं काम.

टाकी रोड तुम्हाला माहीतच आहे. स्टेशनपासून पाण्याच्या टाकीपर्यंतचा. एका बाजूला उघडं गटार, दुसऱ्या बाजूला दुकानांच्या पायऱ्या आणि त्यापुढे मांडलेलं सामान, मग भाजीवाल्या, मग लावलेल्या स्कूटरी, आणि उरलेल्या पट्टीत रिक्षा, टेम्पो आणि आपण. राण्यांचं म्हणणं असं की पालिकेकडे अर्ज करून काही होत नाही. आधी त्या रस्त्यावरच्या सगळ्यांनी आपसात ठरवायचं, दुकानदारांनी, भाजीवाल्यांनी, रिक्षावाल्यांनी, राहणाऱ्यांनी. आणि मग सगळ्यांनी मिळून पालिकेत जायचं.

मला का बोलावलं, तेही त्यांनी लपवलं नाही. म्हणाले, "वहिनी, तुमच्या घरातलं माणूस त्या रस्त्यावर गेलं. तुम्ही नुसत्या बसलात तरी लोक आवाज खाली ठेवतील." मला राग यायला हवा होता. आला नाही. किंवा आला असेल आणि मला तो ओळखू आला नसेल, हल्ली माझं तसं होतं. मी म्हटलं, येते.

पहिली बैठक शाळेच्या वर्गात झाली. मोठी माणसं तिसरीच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली. साड्यांच्या दुकानाचे अण्णा पहिल्यापासून तावातावाने बोलत होते. "गिऱ्हाईक स्कूटरवरून दारात येतं. दार बंद केलंत की ते सरळ पश्चिमेला जाईल. मग काय, चालणाऱ्यांना बघत बसू?" रिक्षावाल्यांचा पुढारी उठून गेला. भाजीवाल्यांकडून एक जाडजूड बाई आली होती, नाकात मोठी नथनी, आवाज स्टेशनपर्यंत जाईल असा. ती म्हणाली, "आमी मागं सरकू. पन कोपऱ्यावरची जागा मना पायजे, आदीच सांगते." सगळे हसले. मीसुद्धा हसले. वन्सं, हे गेल्यापासून मी लोकांत बसून हसले नव्हते. घरी आल्यावर ह्यांच्या फोटोकडे बघवेना.

कल्याणच्या कोर्टातून टेम्पोच्या केसचं समन्स आलं आहे. त्याबद्दल आत्ता लिहवत नाही.

गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमची,
प्रमोदिनी

*

डोंबिवली
१९ एप्रिल १९९०

ती. वन्सं यांस,
शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. तुम्ही लिहिलंत की ज्या रस्त्यानं मधु नेला त्या रस्त्याला सजवायला निघालीस, तुझं मन होतं तरी कसं. मी त्याला उत्तर शोधत राहिले आणि मग पाडवा आला, तो गेला, आणि उत्तर तसंच राहिलं. मन कसं होतं ते मलाच कळत नाही. घरात बसले की रस्ता दिसतो. रस्त्यावर गेले की घर आठवत नाही. हे चांगलं की वाईट, तुम्हीच ठरवा.

तुम्ही त्यांना आईच्या मागे वाढवलंत. लग्न केलं नाहीत. तुमचा अधिकार माझ्याहून मोठा आहे, हे मी कधी विसरत नाही.

कल्याणला जाऊन आले. तारीख पुढे गेली, जूनची दिली आहे. बाकी तिथलं विशेष काही नाही.

इकडची हकीगत अशी. समितीत खूप भांडणं झाली आणि शेवटी एवढं ठरलं की रविवारी संध्याकाळी टाकी रोड वाहनांना बंद ठेवून बघायचा. नुसतं बघायचं. पोलीस चौकीवरून तोंडी परवानगी मिळाली. दोन्ही टोकांना दोऱ्या बांधायच्या, आणि कुणाकडे आजारी माणूस असलं किंवा कुणाला दिवस भरलेले असले तर दोरी खाली सोडायची, म्हणून दोरीपाशी माणसं उभी राहायला हवीत. स्टेशनकडच्या टोकाला एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला ती भाजीवाली, सखुबाई. बाकी कोणाला ते टोक नको होतं, कारण सगळ्या शिव्या तिथेच खायच्या.

सखुबाई आगरी आहे. खाडीकडच्या पाड्यात राहते. पूर्वी त्यांची भातशेती होती आणि सासरे मिठागरावर जायचे, आता तिथे बिल्डिंगी आल्या. मी तिला अहो-जाहो करते, ती मला अगंतुगं करते आणि 'बाय' म्हणते. बाकीच्या भाजीवाल्यांना एका रांगेत बसवायचं काम तिनंच केलं. खडूनं रेघ मारली आणि म्हणाली, रेघंच्या फुडं जिची टोपली येईल तिची मी गटारात टाकीन. स्वतःला मात्र कोपरा घेतला, आणि सावलीचा. रोज माझ्यासाठी अळूची किंवा चवळईची जुडी बाजूला काढून ठेवते.

पहिल्या रविवारी काय झालं ते सांगते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. दोऱ्या लागल्या. एक रिक्षावाला माझ्या तोंडावर म्हणाला, "काय काम-धंदा नाय काय काकी?" सखुबाईनं त्याला जे उत्तर दिलं ते कागदावर येणार नाही. तो वळला. सगळे वळले. रस्ता मोकळा झाला, पार टाकीपर्यंत, एक वाहन नाही. आणि वन्सं, कोणी त्यावर चालेना! माणसं नेहमीसारखीच कडेनं, एकामागे एक, गटाराला चिकटून, पाय जपत चालली होती. मधला सगळा रस्ता रिकामा. राणे मधे एकटेच हात हलवत उभे होते. अण्णा दुकानाच्या पायरीवरून हसत होते.

मग सखुबाई ओरडली, "अरे मधून चाला की! कोनाचा उसना आनलाय काय रस्ता?"

लोक थबकले. एका बाईनं पोराचं बोट धरलं आणि दोघं मधे आली. तरी ती मागे वळून बघत होती, काही येतंय का. मग आणखी काहीजण आले. हळूहळू रस्ता भरला. म्हाताऱ्या जोड्या शेजारी शेजारी बोलत चालल्या होत्या. मला ते बघवत होतं आणि बघवतही नव्हतं. आम्ही दोघं त्या रस्त्यावर कधीच शेजारी चाललो नाही, जागाच नसायची.

दोरी सोडताना सखुबाईनं माझा हात धरला. 

आंबे इतक्यात नका पाठवू, तुम्हाला वजन उचलवत नाही.

तुमची,
प्रमोदिनी

*

डोंबिवली
१४ जून १९९०

वन्सं,

तुम्हाला कुणीतरी कळवलं आहे, हे तुमच्या कार्डावरच्या दोन ओळींवरून समजलं. मी स्वतः सांगायला हवं होतं. एप्रिलच्या पत्रात एक वाक्य लिहून ते खोडलं होतं, तुमच्या लक्षात आलं असेल. आता सगळं लिहिते.

सखुबाई ही त्या टेम्पोवाल्याची आई आहे.

मला माहीत नव्हतं. रघु म्हात्रे हे नाव कागदावर वाचलं होतं, पण त्याला मी कधी पाहिला नव्हता. म्हात्रे तर इथे घरोघरी. सखुबाईचं आडनाव विचारायचं मला सुचलंही नव्हतं. एप्रिलमध्ये कल्याणच्या कोर्टात बाकावर बसले होते, आणि समोरच्या बाकावर ती. नेहमीचं लुगडं, नेहमीची नथनी. मला वाटलं, हिचीही काही जमिनीची केस असेल. हाक मारणार, तेवढ्यात एक उंच, काळासावळा मुलगा तिच्या शेजारी येऊन बसला. तिशीचा असेल. शर्टाचं वरचं बटण लावलेलं, घाम पुसत होता. शिपायानं नाव पुकारलं तसा तो उठला. तिनं त्याची कॉलर नीट केली. आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं.

ती दचकली नाही. हे मला नंतर खूप लागलं. मी दचकले, ती दचकली नाही.

पुढच्या रविवारी मी दोरीपाशी गेले. तोच तो पहिला रविवार, ज्याबद्दल मी तुम्हाला एवढं रंगवून लिहिलं. होय, मला तेव्हा माहीत होतं. तिनं माझा हात धरला तेव्हाही माहीत होतं. मी हात का सोडवून घेतला नाही, ते मला सांगता येत नाही.

महिनाभर आम्ही दोघी काहीच बोललो नाही. ती ओरडायची, मी दोरी धरायची. मग एका रविवारी मी विचारलं, "तुम्हाला कधीपासून माहीत होतं, मी कोण ते?"

"पयल्या दिसापासून," ती म्हणाली. "साळंत बसलीस तवापासून."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तं तू बसली असतीस काय?"

मी दोरी खाली ठेवली आणि घरी निघून आले. मागून एक स्कूटर आत शिरली, लोक ओरडले, मी वळून पाहिलं नाही. पुढच्या रविवारी गेलेच नाही. राणे घरी आले. त्यांनाही ठाऊक होतं म्हणे, पण त्यांना वाटलं मलाही ठाऊक असणार. अख्ख्या रस्त्याला ठाऊक होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की मी मोठ्या मनाची आहे.

आता सांगा, ती अळूची जुडी कशासाठी होती? ती सावलीत मला स्टूल आणून द्यायची ते कशासाठी? मुलाच्या विरुद्ध साक्ष देणारी बाई मऊ व्हावी म्हणून? आई आहे, करेल. मी तिच्या जागी असते तर केलं असतं का? मला मूल नाही, मला कळणार कसं? आणि समजा ते सगळं त्यासाठीच असेल, तर मग ती पोटातून हसायची तेही त्यासाठीच? असं हसता येतं का कुणाला, ठरवून? मी रात्रंदिवस हेच उलटंपालटं करते आणि हाताला काही लागत नाही.

तुम्ही लिहिलंत, "कोर्टात जे खरं ते सांग. टेम्पो भरधाव आला, हे तू मला त्याच दिवशी सांगितलंस." हो, सांगितलं. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर तुमच्या गळ्यात पडून सांगितलं, ते मला आठवतं. पण ते मी पाहिलेलं होतं की भोवतीची माणसं बोलत होती ते मी उचललं, हे आठवत नाही. मी किती प्रयत्न केला, वन्सं.

मला जे आठवतं ते असं. गौरी जाऊन दोन दिवस झाले होते. आम्ही संध्याकाळी नारळ आणायला निघालो. हे पुढे, मी मागे. गटारावरची फरशी जागोजाग फुटलेली, म्हणून मी खाली बघून चालत होते. मला ह्यांच्या चपलांच्या टाचा दिसत होत्या, तेवढंच. हे काहीतरी बोलत होते, कोलशेतला ह्यांच्या कंपनीत कोणी निवृत्त होणार होतं त्याबद्दल, पण पाठमोरे असल्यामुळे अर्धं ऐकू येत होतं. एका दुकानापुढे सामान मांडलेलं होतं. त्याला वळसा घालायला नेहमीच रस्त्यात उतरावं लागे. टाचा दिसत होत्या. मग दिसेनाशा झाल्या. मग आवाज.

आधी ब्रेक वाजला की आधी माणसं ओरडली? टेम्पो कडेला आला की हे जास्त आत गेले? मी मान वर केली तोवर सगळं झालं होतं. माझ्याजवळ टाचांपलीकडे काही नाही.

हे कोर्टात सांगितलं तर तो सुटेल. न सांगता 'भरधाव' म्हटलं तर माझ्या तोंडून ते खरं निघालं की खोटं, हे मला जन्मभर कळणार नाही. आणि तिसरंही एक आहे, ते सर्वांत वाईट. मी 'माहीत नाही' म्हणेन ते खरोखर माहीत नाही म्हणून, की त्या बाईचा हात हातात होता म्हणून? माझं मन आता मलाच साक्ष देत नाही.

तारीख पुन्हा पुढे गेली आहे. पावसामुळे दोऱ्याही बंद आहेत.

कृपा करून रागानं का होईना, लिहा.

तुमची,
प्रमोदिनी

*

डोंबिवली
६ नोव्हेंबर १९९०

ती. वन्सं यांस,
प्रमोदिनीचा नमस्कार.

जूननंतर तुमचं एक अक्षर नाही. दिवाळीचा फराळ पाठवला, तो पोचल्याचं पोस्टमनकडून कळलं. भाऊबीजेला ह्यांच्या फोटोला मीच ओवाळलं, तुमच्या वतीनं. चुकलं असेल तर तेही सांगा.

निकाल तुम्हाला कळला असेलच. तरी माझ्या हातून कळायला हवा म्हणून लिहिते.

साक्ष सप्टेंबरमध्ये झाली. सरकारी वकिलांनी आदल्या दिवशी समजावलं होतं, "बाई, 'वेगात होता' एवढं म्हणा, बाकी मी बघतो." पिंजऱ्यात उभी राहिले. त्यांनी विचारलं, "टेम्पो वेगात होता का?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. मी खाली बघत होते."

"नवरा पुढे चालला आहे, समोरून टेम्पो येतो आहे, आणि तुम्ही खाली बघत होतात?"

"रस्ता तसा होता," मी म्हटलं. "वर बघून चाललं तर गटारात पाय जायचा."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा तेच सांगितलं. वकील माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी त्यांना फसवलं. बाकीचे साक्षीदारही एकमेकांत जुळले नाहीत. एक म्हणाला टेम्पो वेगात, एक म्हणाला रांगत होता. दसऱ्यानंतर निकाल लागला, संशयाचा फायदा देऊन सोडलं. रघु म्हात्रे बाहेर आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. त्याला काही म्हणायचं होतं.  त्यानं खाली वाकून पायांना हात लावला आणि गेला. मी त्याला आशीर्वाद दिला नाही, शापही दिला नाही. हात तसाच राहिला, हवेत.

सखुबाई त्या दिवशी कोर्टात नव्हती. त्यानंतर टाकी रोडवरही आली नाही.

रस्त्याचं सांगते. पाऊस उघडल्यावर दोऱ्या पुन्हा लागल्या, मीही परत जायला लागले. पालिकेचे इंजिनियर आले. राण्यांनी त्यांना जीपमधून उतरवलं आणि टाकीपर्यंत आमच्याबरोबर चालवलं, साध्या दिवशी, संध्याकाळच्या गर्दीत. अर्ध्या वाटेत त्यांच्या पँटला रिक्षा घासली. त्यांनी काही वचन दिलं नाही, पण आता गटाराच्या बाजूला फरश्या बसायला लागल्या आहेत. अण्णांनी आपली पायरी स्वतःहून आत घेतली, रविवारी साड्या जास्त खपतात म्हणून. आता तेच म्हणतात की दोरी दुपारपासूनच लावा. मात्र रविवारी सगळी वाहनं मागच्या गल्लीतून जातात. तिथल्या बायका माझ्या दारात येऊन भांडून गेल्या. म्हणाल्या, "तुमचा रस्ता मोकळा केलात, आमच्या पोरांनी कुठे खेळायचं?" त्यांचं चूक म्हणता येईना. मी राण्यांना म्हटलं, पुढच्या बैठकीला त्यांना बोलवा. ते म्हणाले, अजून एक भांडण? मी म्हटलं, हो.

पण तुम्हाला सांगायचं ते हे नाही.

सखुबाई आली नाही, तशी मी मनात म्हणू लागले, बघ, मुलगा सुटला, काम झालं. सगळं त्यासाठीच होतं. असं म्हटलं की थोडं बरं वाटायचं, कारण मग मला कळलं तरी. तुमच्या बाजूला येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. पण बरं वाटणं टिकायचं नाही. कोपऱ्यावरच्या तिच्या जागेवर दुसरी कोणी बसत नव्हती. एका दुपारी मी उठले आणि विचारत विचारत पाड्यात गेले.

ती अंगणात वाळत घातलेली मासळी उलटत होती. मला बघून उठली नाही. मी ओट्यावर बसले. तिच्या सुनेनं पाणी आणून दिलं आणि आत गेली. मला काय बोलायचं ते घरून ठरवून आले होते, ते सगळं विसरले.

"येत का नाही तुम्ही?" मी विचारलं.

"कशाला येऊ? लोकं बोलतान, पोर सुटला न म्हातारी आली मिरवायला."

"लोकांचं जाऊ द्या. मला एकच सांगा. माझ्या शेजारी उभ्या राहायच्यात, ते मुलासाठी होतं का?"

तिनं हातातला मासा उलटला. मग हात पदराला पुसून माझ्याकडे बघून म्हणाली, "पयल्यानं त्याचेसाठीच. खोटं कशाला बोलू? बाय मऊ होल, असंच आलं मनान. मंग तुजे संग हसायला लागले. मंग दोनी व्हतं. कवरं तुजेसाठी न कवरं पोराचेसाठी, तं मना पन ठावं नाय."

वन्सं, मी रडेन असं मला वाटलं होतं. रडले नाही. वर्षभर जे 'माहीत नाही' मी एकटीच धरून बसले होते, तेच धरून बसलेली आणखी एक बाई माझ्यासमोर होती. मी तिला म्हटलं, "मलाही ठाऊक नाही, मी कोर्टात तसं का बोलले."

"मंग झालं तं," ती म्हणाली, आणि वाळलेले बोंबील बांधून द्यायला उठली. मी खात नाही हे तिला माहीत आहे. तरी दिले. मी घेतले.

ती परत आली आहे. दोरीपाशी नाही, अजून लाजते. कोपऱ्यावर बसते. रघु टेम्पो सोडून कुठे मोटारीच्या वर्कशॉपमध्ये लागला, एवढं कळलं. त्याच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते मी बघत नाही, बघायला गेले की अंधारतं.

तुम्ही म्हणाल, मधुला न्याय मिळायचा होता तो तू घालवलास. कदाचित तसंच असेल. तुमच्यासमोर बसून हे ऐकायची माझी तयारी आहे. पत्रात नाही, समोर. मी पाच महिने वाट पाहिली, आता मीच विनंती करते. एका रविवारी या. राणे तुम्हाला स्टेशनवर घ्यायला येतील, गुडघा दुखला तर मधे टेकायला अण्णांच्या दुकानात खुर्ची आहे. ज्या जागी हे पडले तिथे परवा नवी फरशी बसली. मी तिच्यावर पाय ठेवायला धजले नाही, कडेनं वळसा घालून आले. तुम्ही आलात तर कदाचित दोघी मिळून ठेवू. कदाचित तुम्हालाही जमणार नाही, मग दोघी वळसा घालू.

फक्त एक आधीच सांगून ठेवते, म्हणजे नंतर तुम्हाला फसवल्यासारखं नको. तुम्ही याल तेव्हा कोपऱ्यावर सखुबाई बसलेली असेल. त्या दिवशी येऊ नका, असं मी तिला सांगणार नाही.

तुमची भावजय म्हणून सही करायचा हक्क मला उरला आहे की नाही, हे तुम्ही ठरवायचं. तोपर्यंत नुसतीच

प्रमोदिनी